आंतरपिकाचे मुख्य पीक : प्रॉपिलीन उद्योगाची वाटचाल

(टोकरखाडा, सिल्वासा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचनालयाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, नाटकावर बोलावे, फार तर इतिहासावर बोलावे, हा जुना रिवाज आहे. एखाद्या वायूवर, तोही रंगहीन आणि बाजारात ज्याचे नाव कोणी उच्चारत नाही अशा वायूवर, तासभर बोलणे हा थोडा आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गावात हे व्याख्यान होत आहे त्या गावाचा हा विषय आहे. सिल्वासा–खानवेल रस्त्यावर राखोलीच्या पुलापाशी वासोणा येथे नीलकमल या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आहे. लग्नमंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि वाचनालयांच्या सभांतून ज्या ओतीव खुर्च्या मांडल्या जातात, त्यांचे हे प्रसिद्ध नाव. त्या खुर्चीचे द्रव्य म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आणि पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्रॉपिलीन वायूच्या लक्षावधी रेणूंची गुंफलेली माळ. सिमेंटची गोणी, खताची पिशवी, दवाखान्यातील सिरिंज, डब्याचे झाकण, मोटारीचा पुढचा बंपर, कोकण किनाऱ्यावरील मासेमारीची दोरी हे सारे त्याच कुळातले. ज्या दोरीला आपल्याकडे सरसकट ‘नायलॉनची’ म्हटले जाते, तिचा तुकडा पाण्यात टाकून पाहावा. बुडाला तर नायलॉन. तरंगला तर ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. त्याची घनता पाण्याहून कमी, ०.९ च्या आसपास असते. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, हा अनुभव या वायूच्या नशिबी पहिल्यापासूनच आहे.

वर्षांचा एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. १९५४ हे साल दादरा-नगर हवेलीला विसरता येण्यासारखे नाही. त्या वर्षीच्या जुलैअखेरीस दादरा आणि नरोली मुक्त झाली आणि २ ऑगस्टला सिल्वाशावरचा पोर्तुगीज झेंडा उतरला. राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही त्या मोहिमेतील नावे मराठी घराघरांत माहीत आहेत. त्याच वर्षीच्या ११ मार्चला इटलीतील मिलान येथे जुलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत प्रॉपिलीनपासून एक पांढरी, कठीण, स्फटिकमय भुकटी तयार झाली. जर्मनीतील कार्ल झीग्लर यांनी आदल्या वर्षी शोधलेले उत्प्रेरक त्यासाठी वापरले होते. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियम कंपनीच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स या दोघांनी १९५१ मध्येच असाच पदार्थ मिळवला होता आणि शोधाचे श्रेय कोणाचे यावरून पुढे कज्जा चालला, तो थेट १९८३ पर्यंत. अमेरिकेतील पेटंट अखेर फिलिप्सच्या पदरात पडले. झीग्लर व नात्ता यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पोर्तुगीज अंमलाखालचे खेडे आणि मिलानची प्रयोगशाळा यांचा तेव्हा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुढच्या तीस वर्षांत जुळला.

नात्तांच्या भुकटीत नवे काय होते हे समजण्यासाठी गजऱ्याचे उदाहरण पुरे. प्रॉपिलीनच्या रेणूत कार्बनचे तीन अणू असतात. त्यांतील दोन साखळीत गुंफले जातात आणि तिसरा बाजूला लोंबता राहतो. ही लोंबती टोके कशीही, कुठल्याही बाजूला आली तर गजरा विस्कटतो आणि हाती मेणचट, चिकट गोळा येतो. १९५४ पूर्वी बहुतेकांच्या हाती तोच येई. सारी फुले एकाच बाजूला माळली गेली तर गजरे एकमेकांना चिकटून नीट थर लावतात, स्फटिक बनतो, आणि १६० अंश सेल्सिअसपर्यंत न वितळणारे कणखर द्रव्य मिळते. या एकाच बाजूच्या रचनेला ‘आयसोटॅक्टिक’ हे नाव सुचवले ते नात्तांच्या पत्नी रोझिता यांनी. उकळत्या पाण्यात टाकूनही सिरिंज वाकत नाही आणि गरम भात भरलेला डबा आकार सोडत नाही, याचे कारण या माळण्याच्या शिस्तीत आहे. उणीवही तिथेच दडलेली आहे. ज्या कार्बनला टोक लोंबते, त्याच्यावरचा हायड्रोजन सैलसर असतो. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू तोच पहिल्यांदा उचकटतात. संरक्षक द्रव्य न घातलेली गोणी अंगणात एक उन्हाळा पडून राहिली की हात लावताच तिचा भुगा का होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला आता निराळे सांगावयास नको.

आता वायूकडे वळू. प्रॉपिलीनसाठी म्हणून कोणी कारखाना काढीत नसे, हे या उद्योगाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांचे मुख्य सूत्र होय. शेतकऱ्याने कापूस लावावा आणि ओळींमध्ये तूर उगवावी, तशी या वायूची स्थिती होती. पेट्रोल वाढवण्यासाठी जड तेल उत्प्रेरकावर तोडणारी संयंत्रे अमेरिकेत उभी राहिली. त्यांच्या धुराड्याकडे जाणाऱ्या वायूत थोडे प्रॉपिलीन असे. एथिलीनसाठी नॅफ्था ८०० अंशांवर क्षणार्धापुरता तापवून फोडला की शंभर भागांतून सुमारे तीस भाग एथिलीन आणि सुमारे पंधरा भाग प्रॉपिलीन मिळे. मुख्य पिकाचा भाव, मुख्य पिकाची मागणी. आंतरपीक जे येईल ते. त्याचा उपयोग सुचला तो सुचला, उरले ते जाळले. स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९२० मध्ये रिफायनरीच्या प्रॉपिलीनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल बनवले. तेलापासून बाजारासाठी बनवलेले पहिले रसायन म्हणून त्याची गणना होते. पण तेही टाकाऊतून टिकाऊ या वृत्तीनेच.

प्रॉपिलीनची ही आबाळ किती होती, याची एक गंमतशीर साक्ष आहे. कॅनडातील शॉविनिगन येथे १९६६ साली एक कारखाना उभा राहिला. त्याचे काम काय, तर नको असलेल्या प्रॉपिलीनचे रेणू तोडून-जोडून त्यांचे एथिलीन आणि ब्यूटीन करणे. अणूंची ही अदलाबदल रसायनशास्त्रात ‘मेटॅथिसिस’ म्हणून ओळखली जाते. तिच्या उलगड्याबद्दल शोव्हाँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांना २००५ चे नोबेल मिळाले. कॅनडातला कारखाना १९७२ मध्ये बंद झाला, कारण तोपर्यंत प्रॉपिलीनला भाव येऊ लागला होता. पुढे १९८५ साली टेक्सासमध्ये तीच क्रिया उलट दिशेने चालवण्यात आली: एथिलीन आणि ब्यूटीन घालायचे, प्रॉपिलीन काढायचे. वीस वर्षांच्या आत नकोशी मुलगी लाडकी झाली, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्रात या उद्योगाचे मूळ मुंबईच्या खाडीकाठी रुजले. साठच्या दशकात युनियन कार्बाइडने तुर्भ्याला छोटा नॅफ्था क्रॅकर चालवला. १९६८ मध्ये ठाणे–बेलापूर रस्त्यावर नोसिल, म्हणजे नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, हा मफतलाल समूह आणि शेल कंपनी यांचा कारखाना सुरू झाला. त्याची एथिलीन क्षमता वर्षाला ६० हजार टन. आज जगातील एकेका क्रॅकरची क्षमता दहा ते पंधरा लाख टन असते, हे लक्षात घेतले म्हणजे ते संयंत्र किती लहान होते आणि पुढे ते का तगू शकले नाही, हे दोन्ही उमगते. परंतु ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्याला ओळख दिली ती त्याने. त्याच पट्ट्यात हर्डिलिया केमिकल्सचा कारखाना प्रॉपिलीन आणि बेंझीन यांच्या संयोगातून फिनॉल व अ‍ॅसिटोन बनवू लागला. सनमायका, रंग, औषधे या वस्तूंच्या मागे ही साखळी उभी होती. मात्र पॉलिप्रॉपिलीन या देशात पहिल्यांदा बनले ते बडोद्यास, इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे आयपीसीएलच्या कारखान्यात, १९७८ साली. क्षमता वर्षाला ३० हजार टन. आज देशाला वर्षाला साठ लाख टनांहून अधिक पॉलिप्रॉपिलीन लागते. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत दोनशे पटींची वाढ. धान्य, दूध, साखर, सिमेंट यांपैकी कोणाही उत्पादनाने या देशात एवढी झेप घेतलेली नाही.

मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये लागला आणि समुद्रातील वायूतून एथेन व प्रोपेन वेगळे काढून रायगड जिल्ह्यातील नागोठण्यास गॅस क्रॅकर उभारण्याचे ठरले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातले ते अभिमानाचे पान. पण त्या पानावर एक काळा डागही आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये तेथे वायूगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. हा वायू दाबाखाली द्रव होऊन राहतो, सुटला की हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो आणि ठिणगीची वाट पाहतो. स्पेनमध्ये जुलै १९७८ मध्ये द्रव प्रॉपिलीनने क्षमतेबाहेर भरलेली एक टाकीगाडी समुद्रकाठच्या सुट्टीच्या तळाशेजारी फुटली आणि दोनशेहून अधिक लोक होरपळून मेले. आकडेवारीच्या कौतुकात ही दोन ठिकाणे विसरली जातात. ती विसरू नयेत म्हणून त्यांचा उल्लेख येथेच केला.

सिल्वाशात वायू नाही, नॅफ्था नाही, समुद्र नाही. येथे येतो तो ‘दाणा’. पॉलिप्रॉपिलीनचे मसुराएवढे पांढुरके कण पंचवीस किलोच्या पोत्यांतून मालमोटारींनी उतरतात आणि ती पोतीही बहुधा पॉलिप्रॉपिलीनचीच विणलेली असतात. १९६५ पूर्वी या प्रदेशात नाव घेण्याजोगा कारखाना नव्हता. त्या वर्षी पिपरिया येथे दान उद्योग सहकारी संघाच्या रूपाने पहिली औद्योगिक वसाहत आली. नंतर सिल्वासा, मसाट, खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या. मागास भाग म्हणून मिळालेल्या विक्रीकर व आयकराच्या सवलती, वापीचे रेल्वेस्थानक, मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि दमणगंगेचे पाणी या चार गोष्टींनी उरलेले काम केले. पोत हलका केलेल्या पॉलिएस्टर धाग्यासाठी सिल्वाशाचे नाव देशभर झाले आणि त्याच्या पाठोपाठ प्लॅस्टिकच्या प्रक्रियेचे कारखाने आले. सवलतींनी आलेला उद्योग सवलती संपताच उठून जाईल, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराच्या सवलतींचा अर्थच संपला, तरी यंत्रे राहिली. यंत्र हलवणे हा कर चुकवण्यासारखा कागदी उद्योग नव्हे.

विणलेल्या गोणीची कृती पाहण्यासारखी असते. दाणा वितळवून त्याचा पातळ पत्रा काढतात, तो पाण्यात झटकन थंड करतात, पात्यांनी त्याच्या अरुंद पट्ट्या चिरतात आणि गरम भट्टीतून जाताना त्या पट्ट्या पाच-सहा पट ताणतात. ताणताना साखळ्या एका दिशेला रांगेत येतात आणि नखाने फाटणाऱ्या पट्टीची दोरी तुटेनाशी होते. मग गोल फिरणाऱ्या मागावर या पट्ट्यांची नळकांडी विणली जाते, कापली जाते, तळ शिवला जातो. हातमागाचे गणित जाणणाऱ्यास ताणा आणि बाणा येथे लगेच ओळखू येतील. बदलले ते सूत.

या गोणीने कोणाला बाजूला सारले? पहिला तागाला. केंद्र सरकारने १९८७ मध्ये ताग पॅकिंग सक्तीचा कायदा केला, तो बंगालमधील गिरण्या आणि ताग पिकवणारे शेतकरी वाचवण्यासाठी. सिमेंट आणि खते हळूहळू त्या कायद्याच्या कक्षेतून निसटली. धान्य मात्र अजून तागातच भरावे लागते आणि साखरेचा पाचवा हिस्सा तागासाठी राखलेला आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या गोदामांत म्हणूनच दोन्ही प्रकारच्या गोण्या शेजारी शेजारी दिसतात. दुसरा बाजूला सारला गेला तो बांबू. आणि त्याच्यासाठी कोणी कायदा केला नाही. खानदेश-डांगच्या बोलींत ‘टोकर’ म्हणजे बांबू. टोकरखाडा या नावाशी त्या शब्दाचे नाते असो वा नसो, या डोंगरपट्ट्यातील आदिवासींचे घर बांबूवाचून उभे राहत नव्हते हे खरे. भिंतीचा कूड, धान्याची कणगी, सूप, टोपली, मासे धरण्याची खोईन, पावसातले इरले हे सारे त्यातून. इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली, टोपलीची जागा ओतीव घमेल्याने आणि कणगीची जागा गोणीने. वस्तू स्वस्त मिळाली, हलकी मिळाली, भिजेना झाली. बाईच्या डोक्यावरचे ओझे कमी झाले, हेही नाकारता येत नाही. पण टोपली विणणाऱ्याचे हात रिकामे झाले. त्यातल्या काही हातांना याच वसाहतींत, गोल मागांवर, रोजंदारीचे काम मिळाले. हे नुकसान की नफा, याचा हिशेब दर घराचा वेगळा निघेल, आणि घराबाहेरच्याने तो परस्पर मांडू नये.

मागणी अशी वाढत गेली आणि आंतरपिकाची जमीन पुरेनाशी झाली. २००० सालच्या सुमारास जगाला वर्षाकाठी पाच कोटी टनांच्या आसपास प्रॉपिलीन लागे. आता तो आकडा दहा कोटींच्या पुढे आहे. त्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग पॉलिप्रॉपिलीनमध्ये जातो. उरलेल्यातून अ‍ॅक्रिलिक लोकर, गाद्यांचा फोम, फिनॉल, लहान मुलांच्या लंगोटातील पाणी शोषणारी पूड इत्यादी वस्तू होतात. याच सुमारास अमेरिकेत खडकांच्या थरांतून शेल वायू निघू लागला. त्यात स्वस्त एथेन मुबलक. तेथील क्रॅकरवाल्यांनी नॅफ्था सोडून एथेन धरला. एथेनपासून एथिलीन भरपूर येते, पण प्रॉपिलीन शंभरात दोन-तीन भागच. कपाशी जोमाने वाढली आणि तूर उगवेनाशी झाली. रिलायन्सही २०१७ पासून अमेरिकेचा एथेन जहाजांनी दहेजला आणू लागली आणि नळाने तो हजीरा व नागोठण्यापर्यंत पोहोचवला. म्हणजे टेक्सासच्या खडकातील बदल रायगड जिल्ह्यातील क्रॅकरच्या हिशेबवहीत उतरला.

तेव्हा ज्याची कधी कोणी पेरणी केली नव्हती, ते पीक मुद्दाम पेरण्याची वेळ आली. त्याच्या वाटा अनेक, पण सगळ्यांत ठळक आहे ती प्रोपेनमधून हायड्रोजन काढून घेण्याची. कागदावर ही क्रिया दोन शब्दांत सांगता येते: प्रोपेनमधून हायड्रोजनचे दोन अणू गेले की प्रॉपिलीन उरते. संयंत्रात ती अशी सोपी नाही. क्रिया उष्णता खाते, म्हणून ६०० अंशांच्या आसपास तापमान ठेवावे लागते. तेवढ्या उष्णतेत रेणू जळून काजळी धरतो आणि उत्प्रेरक मिनिटांत मंदावतो. एका पद्धतीत क्रोमियमचा उत्प्रेरक भरलेले अनेक भट्टीपात्र ओळीने असतात. काही चालू, काही काजळी जाळण्यात गुंतलेले, अशी पाळी काही मिनिटांनी बदलत राहते. दुसऱ्या पद्धतीत प्लॅटिनमचे मणी सतत खाली सरकतात, बाहेर जाऊन भाजून येतात आणि पुन्हा वरून शिरतात. थायलंडमध्ये १९९० साली पहिल्यांदा ही दुसरी पद्धत चालवली गेली. एवढे करूनही एका फेरीत सगळ्या प्रोपेनचे प्रॉपिलीन होत नाही; दोन्ही मिसळून बाहेर येतात आणि त्यांना वेगळे करणे हे खरे दिव्य. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते आणि प्रॉपिलीन उणे ४७.६ अंशांना. फरक साडेपाच अंशांचा. दीडशे-दोनशे ताटल्या एकावर एक रचलेला मनोरा उभारावा लागतो, तेव्हा कोठे त्याच्या माथ्यावर शुद्ध प्रॉपिलीन हाती येते. अशा कारखान्याजवळून जाताना सर्वांत उंच दिसणारा, बारीक चिमणीसारखा पण धूर न सोडणारा जो स्तंभ असतो, तो बहुधा हाच. पाच अंशांच्या फरकासाठी उभारलेला एवढा मनोरा मानवी चिकाटीचे स्मारक म्हणून पाहावयास हरकत नाही.

चीनने या मार्गावर जी धाव घेतली तिला तोड नाही. तिआनजिन येथे २०१३ साली तेथील पहिले मोठे संयंत्र सुरू झाले, वर्षाला ६ लाख टनांचे. त्यानंतर दरवर्षी नवी संयंत्रे येत राहिली. शिवाय तेल नसलेल्या, पण कोळशाने भरलेल्या अंतर्भागात त्यांनी निराळीच वाट काढली: कोळशापासून मिथेनॉल आणि मिथेनॉलपासून एथिलीन-प्रॉपिलीन. दालिआनच्या संस्थेत विकसित झालेल्या या पद्धतीचा मोठा कारखाना बाओटो येथे २०१० मध्ये चालू झाला. त्यात पाणी फार लागते आणि कार्बन डायऑक्साइड फार निघतो. पण ज्याच्या अंगणात कोळसा आहे तो विहीर खणण्याऐवजी कोळसा खणतो. या सगळ्याची परिणती आज अतिरिक्त क्षमतेत झाली आहे. २०२२ नंतर अनेक चिनी संयंत्रे अर्धवट चालवली गेली, आणि त्यांचा प्रोपेन मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतून येत असल्याने २०२५ च्या एप्रिलमधील आयातशुल्काच्या लढाईत त्यांची चांगलीच कोंडी झाली. युरोपातील काही जुने क्रॅकर २०२४ पासून कायमचे बंद पडत आहेत.

भारताने मुख्यतः रिफायनरीची वाट धरली. जामनगरची रिफायनरी १९९९ मध्ये सुरू झाली तीच मुळी लाखो टन पॉलिप्रॉपिलीन बरोबर घेऊन. त्यामुळे सिल्वासा-दमण-वापीच्या प्रक्रियेवाल्यांचे दाण्यासाठी ताटकळणे पुष्कळसे संपले. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधकांनी ‘इंडमॅक्स’ नावाची पद्धत बसवली. तिच्यात जड तेल तोडताना शंभरात वीसच्या आसपास प्रॉपिलीन मिळते, जुन्या पद्धतीच्या तीन-चार पट. गुवाहाटीला २००३ मध्ये लहान प्रमाणावर आणि पारादीपला मोठ्या प्रमाणावर ती चालली. तेथील पॉलिप्रॉपिलीन संयंत्र २०१९ मधील, ६ लाख ८० हजार टनांचे. भारतीय डोक्यातून निघालेली आणि भारतीय तेलात चाललेली ही पद्धत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली नाही, हे खेदाचे आहे.

आता प्रोपेनची पाळी. अलिबाग तालुक्यातील उसर येथे गेल कंपनीने वर्षाला ५ लाख टनांचे संयंत्र हाती घेतले, ते क्रोमियम उत्प्रेरकाच्या पद्धतीचे आणि देशातील या प्रकारचे पहिले म्हणून. त्याची नियोजित मुदत लांबत गेली आहे. पेट्रोनेट एलएनजीने २०२३ मध्ये दहेजला साडेसात लाख टन प्रॉपिलीनचा प्रकल्प मंजूर केला. या दोन्हींबद्दल कौतुकाने लिहिले जाते. एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये काय असते? प्रोपेन आणि ब्यूटेन. देशाला लागणाऱ्या या वायूचा निम्म्याहून अधिक, जवळजवळ साठ टक्के, हिस्सा परदेशातून येतो. एक टन प्रॉपिलीनसाठी सुमारे सव्वा टन प्रोपेन खर्ची पडते. म्हणजे पाच लाख टनांच्या एका संयंत्राला वर्षाला सहा लाख टनांच्या घरात प्रोपेन हवे. ते परदेशातून वेगळ्या जहाजाने आले तरी बाजार एकच, सामुद्रधुनी एकच आणि टंचाईच्या दिवशी रांगही एकच. चुलीला सरपणाऐवजी गॅस मिळावा म्हणून ज्या खेड्यांत गेल्या काही वर्षांत सिलिंडर पोहोचले, त्यांत हवेलीतील पाडेही आहेत. कारखाना होऊ नये असे यातून निघत नाही. पण प्रोपेन कोणाच्या वाटचे आधी, हे टंचाई येण्यापूर्वी ठरलेले बरे.

लहान उद्योजकाचे दुखणे याहून जवळचे आहे. त्याचा निम्म्याहून कितीतरी अधिक खर्च दाण्यावर होतो. दाणा बनवणारे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि विकत घेणारे हजारो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमलाट आली, तेथील संयंत्रे गोठली आणि जगभर पॉलिप्रॉपिलीनचे भाव भडकले. भारतातील प्रक्रियेवाल्यांनी तेव्हा देशभर ओरड केली. आदल्याच वर्षी, करोनाच्या साथीत, मुखपट्टीतील गाळणीच्या थरासाठी हेच द्रव्य सोन्याच्या भावाने शोधले जात होते. गोणीचा भाव आधी ठरलेला, दाण्याचा भाव रोज बदलणारा. मधल्या फरकावर पिपरिया-मसाटच्या शेडमधील मजुरी अवलंबून. आयात स्वस्त झाली की हा कारखानदार सुखावतो आणि देशी उत्पादक आयातशुल्क मागतो. शुल्क वाढले की उलट. दिल्लीत या दोघांचे म्हणणे सारख्या कानांनी ऐकले जाते असे समजण्यास जागा कमी आहे.

राहता राहिला तो कचरा. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यानंतर दुकानादुकानांतून कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी आली आणि ती कापडाची समजून लोकांनी निर्धास्तपणे वापरली. ती विणलेली नसून पॉलिप्रॉपिलीनचे तंतू दाबून केलेली असते. पेटवली तर कापूस जळल्याचा वास न येता मेणबत्तीसारखी वितळते. देशपातळीवरील नियमाने २०२१ पासून अशी पिशवी चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा पातळ असू नये असे ठरवले, म्हणजे ती पुन्हा वापरली जाईल. पॉलिप्रॉपिलीन पुन्हा वितळवता येते ही त्याची जमेची बाजू. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असला तर ते ओळखावे. जाड, एकजिनसी वस्तू भंगारवाला आनंदाने नेतो: मोडकी खुर्ची, बादली, फाटकी गोणी. वेफरची पुडी मात्र कोणी उचलत नाही, कारण तिच्यात पॉलिप्रॉपिलीनबरोबर धातूचा थर आणि इतर द्रव्ये चिकटवलेली असतात आणि किलोभर गोळा करण्यात दिवस जातो. दमणगंगेच्या काठावर पूर ओसरल्यावर झुडपांना अडकलेले जे दिसते ते मुख्यतः अशा पुड्यांचे असते, खुर्च्यांचे नव्हे. पॅकिंग करणाऱ्यांनी एकाच द्रव्याची पुडी करावी असा प्रयत्न अलीकडे सुरू आहे. ती महाग पडते, आणि पाच रुपयांच्या पुडीवर वाढीव पैसे कोण मोजणार, एवढ्यावर तो अडून आहे.